सांभाळणारी घरे – भाग 5 : भट्टीवर जाताना मुलाला कुठे ठेवायचे?

मागच्या भागात आपण अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या बीच सेंटरने तयार केलेली मोजपट्टी पाहिली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचा बुद्ध्यंक ती विचारत नाही, साऱ्या घराचे कसे चालले आहे ते विचारते. घरातले नातेसंबंध, मुलांचे संगोपन, मनाची स्थिती, खाणेपिणे-औषधपाणी आणि बाहेरून मिळणारा आधार. आज हेच प्रश्न पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर विचारू.

इथे वर्ष दोन भागांत जगले जाते. पावसाळ्यात नागली, वरई, भात. सगळे घर गावात. दिवाळी उरकली की पाडे रिकामे होऊ लागतात. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. घरात गतिमंद मूल असेल तर निघण्याआधी प्रश्न उभा राहतो : याला आजीपाशी ठेवायचे की सोबत न्यायचे?

मूल लहान आणि अक्षमता सौम्य असेल तर गावात निभावते. ते गुरांमागे जाते, पाणी आणते, सगळ्यांच्या ओळखीचे असते. पण मूल वयात आलेले, अंगाने थोराड, त्यात फिट येणारे असेल तर थकलेल्या आजीला ते आवरत नाही. फिटची गोळी तर एक दिवसही चुकवून चालत नाही. भट्टीवर न्यावे तर तिथे आग, चिखलाचे खड्डे, विटांच्या ट्रकची ये-जा. मजुरी हजार विटांमागे, नवरा-बायकोच्या जोडीने केलेल्या कामावर, आणि उचल आधीच घेऊन खर्च झालेली. आई मुलाला भरवायला, धुवायला उठली की तेवढ्या विटा कमी पडतात आणि उचल फिटायला तेवढा उशीर होतो. सांभाळण्याचे मोल इथे थेट मजुरीतून कापले जाते. या घरांचे सगळ्यात मोठे दुखणे मला हेच वाटते आणि एकाही सरकारी अर्जात त्याचा रकाना नाही.

कायद्यात आधार नाही असे नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. संजय गांधी निराधार योजनेतले दिव्यांगांचे मासिक अनुदान राज्याने 2025मध्ये 1500वरून 2500 रुपये केले. ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचे उपचार बसतात. पण या योजनांचे दार दिव्यांग प्रमाणपत्राने उघडते. पालघर जिल्हा 2014मध्ये झाला, मुख्यालय मात्र किनाऱ्याकडे आणि मोखाडा पार नाशिकच्या बाजूला. प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी मुलाला लांब न्यायचे तर धरायला दोघे लागतात, म्हणजे दोघांची मजुरी बुडते.

शिक्षणाचेही तसेच. शिक्षण हक्क कायद्यातल्या 2012च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा हक्क दिला. शिक्षक घरी येईल, पण घरच भट्टीवर गेलेले असते!

यावर तोडगा महाराष्ट्राला नवा नाही. स्थलांतर करणाऱ्या पालकांची मुले गावातच राहावीत म्हणून शिक्षण विभाग हंगामी वसतिगृहे चालवतो. प्रगती प्रतिष्ठान या संस्थेने जव्हारमध्ये कर्णबधिर मुलांची निवासी शाळा चालवून दाखवली आहे. राहायची-जेवायची सोय असली की पाड्यावरचे दिव्यांग मूलही शिकते. मग हंगामी वसतिगृहात गतिमंद मुलांसाठी जागा का नसावी? त्यांना सांभाळायला गावातल्याच बाईला प्रशिक्षण देऊन पगारावर नेमावे. आजीलाही उसंत मिळेल.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. इथल्या पंचायतींचे उत्पन्न तुटपुंजे, त्यामुळे वसतिगृह त्यातून उभे राहणार नाही. तपासणीला जायची गाडी आणि बुडालेली मजुरी मात्र भागू शकते. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा स्थलांतराच्या आधी येते. वाचकांपैकी कोणी या भागात शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई किंवा सरपंच असतील, तर त्या दिवशी पाड्यावरच्या अशा प्रत्येक मुलाचे नाव, प्रमाणपत्र आहे की नाही आणि दिवाळीनंतर त्याला कोण सांभाळणार, हे ग्रामसभेत लिहून घ्या.