एका वायरीने पेढी बंद पडते तेव्हा

माझगावच्या दारूखान्यात लोखंडाचा व्यापार करणाऱ्या आमच्या एका परिचितांच्या पेढीतली ही गोष्ट. जुम्म्याची नमाज आटोपून मंडळी परतली, तो पाचही कॉम्प्युटर मुके! सुरतेचा माल ट्रकात भरलेला, पण बिल ज्या मशीनवर बनते तिच्याशीच संपर्क होईना. बिल नाही म्हणून ई-वे बिल नाही. आणि ५० हजारांवरचा माल राज्याबाहेर न्यायचा तर २०१८ पासून ते लागतेच. दोन तास ट्रक उभा. कारण काय निघाले? झाडलोट करणाऱ्या पोराने लोंबती वायर पाहून तिचे मोकळे टोक स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचले होते. दुसरे टोक आधीच त्याच स्विचमध्ये होते. बिचाऱ्याने आवराआवरच केली होती.

‘अमुक मशीन कोठे आहे?’ अशी हाक एक कॉम्प्युटर देतो आणि स्विच ती सर्व वायरींवर पोहोचवतो. वायरीचा फेरा झाला की तीच हाक परत येते, पुन्हा सगळीकडे जाते. इथरनेटच्या संदेशाला वयोमर्यादा नसते, त्यामुळे तो आपोआप मरत नाही. क्षणात जाळे तुंबते. स्विचचे सगळे दिवे एकदम पिसाटासारखे लुकलुकू लागले, तर आधी फेरा शोधावा.

यावर तोड १९८५ साली अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीतल्या रेडिया पर्लमन या बाईंनी काढली. तिचे नाव स्पॅनिंग ट्री. स्विच दर २ सेकंदांनी एकमेकांना निरोप धाडतात, आपल्यातून एक मुखिया निवडतात, त्याच्याकडे जाणारी एक वाट चालू ठेवतात आणि जादा वाट रोखून धरतात. चालू वायर तुटली की रोखलेली उघडते. जुन्या पद्धतीत याला ३० ते ५० सेकंद लागत. २००१ च्या ‘रॅपिड’ पद्धतीत बहुधा काही क्षणच. म्हणून मेनूत रॅपिडच निवडावे.

ही सोय मॅनेज्ड स्विचमध्ये असते. एकाच साध्या स्विचवर तीन मशीन चालवणाऱ्या दुकानदाराने तो घेण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे. दुकान, पोटमाळा, गोदाम असे दोन-तीन स्विच झाले की मात्र घ्यावा.

मुखिया आपण ठरवावा. प्रत्येक स्विचची प्राधान्यसंख्या मुळात ३२७६८ असते आणि लहान संख्या जिंकते. मुख्य स्विचला ४०९६ द्यावी. नाही दिली तर कोपऱ्यातला जुनाट डबाही मुखिया होऊ शकतो! कॉम्प्युटर-प्रिंटरच्या पोर्टना ‘एज’ म्हणावे आणि त्यांवर बीपीडीयू गार्ड लावावा. तेथे कोणी दुसरा स्विच जोडला की ते पोर्ट बंद पडते. ते पुन्हा चालू कसे करायचे, हे कारागिराकडून लिहून घ्यावे. काही साधे स्विच स्पॅनिंग ट्रीचे निरोप गिळून टाकतात, म्हणून ‘लूप डिटेक्शन’ असेल तर तेही चालू करावे.

स्विचमागे स्विच अशी लांब साखळी करू नये. २००२ साली बोस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयाचे जाळे स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेबाहेर वाढून चार दिवस बिघडले आणि डॉक्टरांना कागदावर यावे लागले.

शेवटी ‘सेव्ह’ करायला विसरू नये. बऱ्याच स्विचमध्ये न केल्यास वीज गेली की सारे पुसले जाते. मग सुट्टीच्या दिवशी एका वायरीची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये खोचून कारागिराच्या देखत पाहावे. बाकीची मशीन चालू राहिली तरच त्याची मजुरी चुकती करावी.