नवोद्भूत जीन

नवोद्भूत जीन : पूर्वजांत नसलेला व क्रमविकासाच्या ओघात नव्याने निर्माण झालेला जीन (गुणसूत्रावरील आनुवंशिकतेचे एकक). असे जीन मुख्यतः तीन प्रकारे उद्भवतात : जुन्या जीनाची जादा प्रत तयार होऊन, दोन जीनांचे भाग जोडले जाऊन किंवा पूर्वी प्रथिन न बनविणाऱ्या डीएनएच्या भागातून. मूळ प्रत नेहमीचे कार्य करीत राहिल्याने जादा प्रतीत उत्परिवर्तने साचू शकतात, हे मत सुसुमु ओनो यांनी १९७० मध्ये सविस्तर मांडले. बहुतेक जादा प्रती निकामी होतात. उपयुक्त ठरलेल्या थोड्या नैसर्गिक निवडीने टिकतात.

नवा जीन जगण्यास आवश्यक ठरणे हे पुष्कळदा परिस्थितीवर अवलंबून असते. हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा ही कीड याचे चांगले उदाहरण होय. लोहा (जि. नांदेड) परिसरातील शेतकऱ्यांना ती कापसावरील हिरवी बोंडअळी, तुरीवरील शेंगा पोखरणारी अळी व हरभऱ्यावरील घाटे अळी म्हणून परिचित आहे. तिच्या ऑस्ट्रेलियातील एका वाणात गुणसूत्रांच्या भागांची असमान अदलाबदल होऊन दोन शेजारच्या जीनांपासून सीवायपी३३७बी३ हा संयुक्त जीन बनल्याचे २०१२ मध्ये दाखविण्यात आले. त्यापासून बनणारे एंझाइम फेनव्हलरेट या कीटकनाशकाचे निर्विष पदार्थात रूपांतर करते. मूळ दोन्ही जीनांच्या एंझाइमांत ही क्षमता आढळली नाही. केवळ हाच जीन असलेल्या अळ्यांची प्रतिकारशक्ती ४२ पट भरली. फवारणी नसलेल्या शेतात या जीनावाचून अळीचे अडत नाही. फवारलेल्या शेतात मात्र तिचे जगणे त्यावर अवलंबून राहते.

काही नवे जीन शरीराच्या वाढीतच गुंततात. इतर जीनांचे कार्य त्यांच्याशी जुळत गेले की, त्यांच्या अभावी वाढ खुंटते. ड्रॉसोफिला या फळमाशीतील १९५ नव्या जीनांपैकी सु. ३० टक्के जीवनावश्यक असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि जीन प्रत्यक्ष निकामी करून केलेल्या २०१७ मधील अभ्यासात असे जीन क्वचितच जीवनावश्यक आढळले. अनेकांचे कार्य नराच्या प्रजननाशी निगडित होते. त्यामुळे या प्रमाणाविषयी मतभेद आहेत.

कीड नियंत्रणात या ज्ञानाला व्यावहारिक महत्त्व आहे. फवारणीने असा जीन निर्माण होत नाही. तो नसलेल्या अळ्या मरून असलेल्यांची संतती वाढते. एकाच गटातील कीटकनाशक कापूस, तूर व हरभरा या पिकांवर लागोपाठ वापरल्यास ही निवड वर्षभर चालू राहते. म्हणून निराळ्या प्रकारे कार्य करणारी कीटकनाशके आलटून पालटून व गरजेपुरतीच वापरणे इष्ट ठरते.