कपकेक, शेजार आणि एक छोटीशी चिठ्ठी

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांमधली मुले-मुली अमेरिकेत आहेत. निवृत्तीनंतर आई-वडिलांची तिकडे एखादी फेरी होतेच, आणि परत आल्यावर नायगारा व स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचे फोटो आपण एकमेकांना दाखवतो. आम्ही उभयतांनीही ते सगळे पाहिले. पण लेकीकडे न्यू जर्सीतील जर्सी सिटी येथे तीन महिने राहिलो, तेव्हा आमचा बराच वेळ गेला तो कपकेकच्या दुकानांत आणि घराजवळच्या रस्त्यांवर. त्यातून जे समजले ते तिकडे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल, आणि थोडेफार आपल्या मंडळाच्याही, म्हणून हा लेख.

निमित्त

नातवाचा सहावा वाढदिवस होता. शाळेत वाटायला आम्ही इंदूरहून काजूकतलीचे दोन डबे नेले होते. सकाळी शाळेच्या दारात वर्गाच्या बाईंनी ते हसून, पण ठामपणे परत दिले. वर्गातल्या एका मुलाला सुक्या मेव्याची ॲलर्जी होती. शाळेत वाटायचा खाऊ बंद पाकिटातला हवा आणि त्यावर घटकांची यादी छापलेली हवी, असा नियम. नातू रडवेला झाला. खोटे कशाला बोला, आम्हालाही राग आला. एवढ्या लांबून आणलेला शुद्ध तुपाचा नसला तरी शुद्ध काजूचा जिन्नस, आणि दारातून परत!

बाईंनी सुचवले की पुढच्या आठवड्यात कपकेक आणा, मात्र नियमात बसणारे. झाले, आमचा शोध सुरू झाला. शोधायचेच तर चाखूनही पाहू, असे ठरले. आमची साखर सीमारेषेवर असल्यामुळे एक कपकेक चौघांत, हा करार लेकीने आधीच करून घेतला.

नाव कुठून आले

कपकेक म्हणजे एका माणसापुरता, कागदाच्या वाटीत भाजलेला केक, वर क्रीमचा थर. नावामागे दोन गोष्टी आहेत. अमेलिया सिमन्स यांच्या 1796 सालच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकात छोट्या कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती आहे. पुढे 1828 मध्ये एलायझा लेस्ली यांच्या पुस्तकात ‘कप केक’ हे नावच आले. दुसरी गोष्ट मापाची. इंग्रजांचा पाउंड केक वजनावर चाले, म्हणजे लोणी, साखर, मैदा, अंडी प्रत्येकी एक पाउंड. अमेरिकेत घरोघरी तराजू वापरण्याऐवजी कपाने मोजायची पद्धत पडली. एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप मैदा आणि चार अंडी, हे तिकडचे पाठ असलेले प्रमाण.

हे ऐकून सौ. म्हणाल्या, “म्हणजे आपली सात कपाची वडीच की!” अगदी खरे. बेसन, खोबरे, दूध, तूप एकेक कप आणि साखर तीन कप. मोजायचे भांडे कोणतेही घ्या, प्रमाण बिघडत नाही.

दुकानांची फेरी

जर्सी सिटीच्या ग्रोव्ह स्ट्रीट स्टेशनवरून पाथ नावाची रेल्वे हडसन नदीखालच्या बोगद्यातून मॅनहॅटनला जाते. या रेल्वेच्या गाड्या 1908 पासून धावतात. न्यूपोर्टनंतरचे स्टेशन ख्रिस्तोफर स्ट्रीट. तिथून थोडे चालले की ब्लीकर स्ट्रीटवर मॅग्नोलिया बेकरी. 1996 मध्ये उघडलेले हे कोपऱ्यावरचे लहानसे दुकान. 2000 साली ‘सेक्स अँड द सिटी’ या मालिकेत त्याच्यासमोर बसून कपकेक खाण्याचा एक प्रसंग आला आणि दुकानासमोर रांगा लागू लागल्या. 2019 मध्ये त्यांची शाखा आपल्या बेंगळुरूलाही आली. इथले क्रीम म्हणजे लोणी आणि पिठीसाखर फेटलेले, चवीला सरळ आणि भरपूर गोड. आमच्या मते चौघांत एक हे प्रमाण इथे योग्यच ठरले.

बेकड बाय मेलिसा हे दुकान 2008 पासूनचे. त्यांचा कपकेक एका घासाचा, साधारण मोठ्या पेढ्याएवढा. वेगवेगळ्या चवी पाहायच्या तर आपल्या वयाच्या माणसांना हाच सोयीचा. नदीच्या अलीकडे होबोकनमध्ये कार्लोज बेकरी आहे, 1910 पासूनची. ‘केक बॉस’ मालिकेमुळे ती जगभर माहीत झाली.

एका कपकेकला चार-पाच डॉलर पडतात. रुपयांत गुणाकार करायची आमची जुनी सवय लेकीने सोडायला लावली. पण बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात आयुष्य गेले, त्यामुळे या धंद्याचा हिशेब मनात सुरू झालाच. मैदा, साखर, लोणी यांचा खर्च किमतीच्या मानाने थोडा. खरा खर्च दुकानाच्या भाड्याचा, पगाराचा आणि संध्याकाळी उरलेल्या मालाचा. क्रम्ब्स नावाच्या कंपनीची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. 2003 मध्ये मॅनहॅटनमध्ये एक दुकान, मग अनेक शहरांत शाखा, 2011 मध्ये शेअर बाजारात नाव, आणि जुलै 2014 मध्ये एकाच दिवशी सर्व दुकाने बंद. मॅग्नोलियात मात्र कपकेकइतकेच लोक केळ्याच्या पुडिंगसाठी येतात. एकाच जिनसावर मोठा डोलारा उभा करू नये, हे आपल्या छप्पन दुकानवाल्यांना कोणी शिकवायला नको.

अंडे आणि इतर प्रश्न

सौ. अंडे खात नाहीत. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका पाहिला की काम झाले. अमेरिकेत अशी सरकारी खूण नाही. ‘व्हेजिटेरियन’ म्हटले तरी त्यात अंडे असू शकते, कारण तिकडच्या समजुतीप्रमाणे अंडे मांसाहारात मोडत नाही. म्हणून ‘एगलेस’ किंवा ‘व्हीगन’ असे विचारावे. व्हीगनमध्ये अंडे, दूध, लोणी, मध काहीच नसते. एरिन मॅकेनाज बेकरी 2005 पासून असेच पदार्थ करते आणि तिथे सौ.ना पहिल्यांदा निर्धास्तपणे खाता आले.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काही क्रीममध्ये अंड्याचा पांढरा बलक फेटून घातलेला असतो, त्याच्या नावात ‘मरँग’ हा शब्द येतो. मार्शमॅलोमध्ये सहसा जिलेटिन असते आणि ते प्राण्यांपासून काढतात. लाल-गुलाबी सजावटीत ‘कारमाइन’ हा रंग असेल तर तो किड्यांपासून केलेला असतो. विचारायला संकोच करू नये. काउंटरवरची मुले कंटाळा न करता आत जाऊन विचारून येतात, हा आमचा अनुभव.

लेबलाचे प्रकरण

आता मूळ प्रश्न. एवढी नामांकित दुकाने पाहिली, पण शाळेत नेण्याजोगा कपकेक एकाही ठिकाणी मिळेना. कारण कायद्यात आहे. अमेरिकेत 2004 मध्ये झालेल्या आणि 2006 पासून लागू असलेल्या कायद्याने पाकिटबंद पदार्थांवर आठ घटक स्पष्ट लिहावे लागतात. ते असे: दूध, अंडी, मासे, कवचाचे जलचर, बदाम-काजूसारखा सुका मेवा, भुईमूग, गहू आणि सोयाबीन. 2023 पासून तीळ हा नववा घटक झाला. म्हणजे आपली काजूकतली, दाण्याची चटणी आणि तिळगूळ, तिन्ही या यादीत आले!

पण काउंटरवर आपण मागितल्यावर डब्यात भरून दिलेल्या केकला हे लेबल बंधनकारक नाही. शिवाय तुमच्या केकमध्ये काजू नसला, तरी त्याच मिक्सरमध्ये आधी बदामाचा केक फेटलेला असू शकतो. ॲलर्जी तीव्र असली तर तेवढा अंशही पुरतो. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास कोंडतो, आणि एपिनेफ्रिनचे इंजेक्शन लगेच द्यावे लागते. त्या मुलासाठी शाळेच्या नर्सकडे असे इंजेक्शन कायम ठेवलेले असे, हे कळले तेव्हा आमचा राग बराचसा उतरला.

घरगुती केक करणाऱ्या एका भारतीय भगिनींकडेही आम्ही गेलो. न्यू जर्सीत घरी भाजलेले पदार्थ विकायला 2021 पर्यंत बंदी होती. ती उठल्यावर अनेक गृहिणी परवाना घेऊन हा व्यवसाय करू लागल्या. त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितले, “काका, माझ्या घरात बदामाची पूड रोज वापरली जाते. या कामाला माझा केक नेऊ नका.” गिऱ्हाईक परत पाठवणारी दुकानदार आम्ही क्वचितच पाहिली आहे.

शेवटी कपकेक मिळाले ते घराजवळच्या साध्या सुपरमार्केटात. पाकिटबंद, व्हॅनिलाचे, सुका मेवा वापरत नसलेल्या कारखान्यात केलेले. चवीला यथातथाच. नातवाने वर्गात वाटले आणि खूश होऊन घरी आला.

ओट्यावरची ओळख

या सगळ्या खटपटीत आम्हाला लेकीचा मोहल्ला कळू लागला होता. तिथल्या जुन्या विटांच्या घरांना रस्त्याकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या असतात. संध्याकाळी लोक तिथे बसतात, अगदी आपल्या जुन्या इंदुरातल्या ओट्यांसारखे. पहिले पंधरा दिवस आम्ही मान खाली घालून फिरत होतो. मग कळले की नजरेला नजर भिडली की ‘हाय’ म्हणायचे असते, त्याला ओळख लागत नाही. शाळेजवळ रस्ता ओलांडून देणाऱ्या आजी, कुत्र्यांना फिरवणारे, ठरलेल्या रात्री कचऱ्याचे डबे बाहेर ठेवणारे शेजारी, असे चेहरे ओळखीचे होत गेले.

वाढदिवसानंतर चार दिवसांनी व्हॅन व्होर्स्ट पार्कमध्ये एक बाई लेकीजवळ आल्या. त्या त्याच मुलाची आई. वर्गात वाढदिवस असला की त्यांचा मुलगा घरून आणलेल्या वेगळ्या डब्यातले खातो. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखेच खाल्ले, आणि घरी जाऊन ते तीनदा सांगितले. एवढे बोलून त्यांनी आमचा हात हातात घेतला. सौ.च्या डोळ्यांत पाणी आले. त्यानंतर आम्ही इंदूरला परतेपर्यंत त्या आजी-आजोबांची रोज विचारपूस करत. तीन महिन्यांत तिकडे जुळलेली खरी ओळख ही एकच.

आपल्याकडे काय करता येईल

ॲलर्जी हे परदेशातल्या मुलांचे लाड आहेत, असे आम्हीही म्हणत असू. पण अशी मुले आपल्यातही आहेत. फक्त आपण विचारत नाही, आणि त्यांच्या आया पंक्तीत गप्प राहून मुलाला काही खाऊ देत नाहीत. भारतातही पाकिटबंद पदार्थांवर ॲलर्जीचे घटक छापण्याचा नियम आहे. घरच्या पदार्थांना मात्र असे काही नसते.

म्हणून एक विनंती. कोजागरीच्या मसाला दुधाजवळ, हळदीकुंकवाच्या खाऊजवळ आणि गणेशोत्सवातल्या प्रसादाजवळ एक छोटी चिठ्ठी ठेवावी: ‘यात काजू-बदाम आहे’, ‘यात दाण्याचे कूट आहे’, ‘यात तीळ आहेत’. खर्च काही नाही, पाच मिनिटांचे काम. सुट्टीत तिकडून नातवंडे येतात, त्यांचीही सोय होईल. येत्या गणेशोत्सवात चिठ्ठ्या लिहायचे काम आम्ही उभयता आनंदाने करू. अक्षर अजून बरे आहे.