स्लाइडवरील व्याख्यानाचा पॉडकास्ट

व्याख्यान पाहण्यास निवांत बसावे इतकी सवड पेरणीच्या दिवसांत कोणाही शेतकऱ्यास नसते, हे वाचकांस सांगणे नलगे. हात व डोळे कामात गुंतलेले असतात. कान तेवढे मोकळे असतात. रात्री दारे धरताना किंवा गोठ्यात धार काढताना मोबाइलवर एखादा उपयुक्त विषय ऐकता येतो. ठरावीक मुदतीने निघणाऱ्या अशा ध्वनिमुद्रित भागांच्या मालिकेस पॉडकास्ट म्हणतात. हा शब्द २००४ साली ‘गार्डियन’ या इंग्रजी वृत्तपत्रातील एका लेखात आला व पुढे रूढ झाला. पॉवरपॉइंटमध्ये आवाजासह तयार केलेली शेतीविषयक व्याख्याने अनेकांजवळ पडून असतात. त्यांचा पॉडकास्ट कसा करावा, हे प्रस्तुत लेखक स्वतःच्या चुकीतून शिकला. ती चूक इतरांकडून होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

महसूल खात्यातील कारकुनी संपल्यावर लेखकाने सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासण्याविषयी बारा स्लाइडचे व्याख्यान तयार केले. ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडावे, गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवावी आणि पुढे चांगले कोंब मोजावे, ही रीत बहुतेकांच्या परिचयाची आहे. चित्रे वगळून त्यातील नुसता आवाज गावातील मंडळींस पाठविला. दुसऱ्याच दिवशी एक वृद्ध शेतकरी भेटून म्हणाले, “भाऊसाहेब, उगवण कमी असल्यास ‘या तक्त्याप्रमाणे’ बियाणे वाढवावे, असे आपण सांगता. तक्ता तर आपल्याच घरी राहिला. आम्ही पेरावे किती?” यावर लेखकास खाली मान घालावी लागली. बियाणे कमी पडून पीक विरळ झाले, तर तो हंगाम पुन्हा हाती येत नाही.

वास्तविक ही गोष्ट कारकुनास तरी कळावयास हवी होती. दस्तास नकाशा जोडलेला नसला म्हणजे जमिनीची चतुःसीमा शब्दांनी लिहावी लागते. त्याचप्रमाणे, जे चित्र दाखवीत होते ते सर्व आता वाणीने सांगितले पाहिजे. सबब प्रथम आपले व्याख्यान डोळे मिटून ऐकावे. ‘हे पहा’, ‘वरील आकृतीत’, ‘या तक्त्याप्रमाणे’ असे शब्द जेथे येतील तेथे खूण करावी व तेवढा भाग नव्याने लिहावा. लेखकाने तक्त्याऐवजी पुढील वाक्ये घातली: “शंभरपैकी सत्तर दाणे उगवले, तर एकरी तीस किलो बियाणे धरावे. साठच उगवले, तर पस्तीस किलो धरावे. पुन्हा सांगतो, साठ उगवल्यास पस्तीस किलो.” आकडा दोनदा सांगावा, ऐकणाऱ्यास मागील पान उलटून पाहता येत नाही.

आता कृती. पॉवरपॉइंट प्रत्येक स्लाइडचा आवाज निराळा ठेवतो. त्यामुळे सर्व व्याख्यान पुन्हा न बोलता चुकलेल्या स्लाइडपुरतेच ध्वनिमुद्रण पुन्हा करता येते. एक स्लाइड जाऊन दुसरी येत असता आवाज टिपला जात नाही. म्हणून वाक्य पुरे करून क्षणभर थांबावे व नवी स्लाइड पूर्ण आल्यावरच पुढे बोलावे. नंतर ‘फाइल’मधील ‘एक्सपोर्ट’ येथून व्हिडिओ तयार करावा. तो करताना मुद्रित वेळ व निवेदन वापरण्याचा पर्याय निवडावा. चित्र पुढे टाकूनच द्यावयाचे असल्याने ४८० चा साधा दर्जा पुरतो. हा व्हिडिओ व्हीएलसी या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘कन्व्हर्ट’ करून त्यातील आवाज एमपीथ्री स्वरूपात काढावा. मग ऑडॅसिटी या दुसऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये खोकला, लांबलेली शांतता व पंख्याची घरघर काढावी आणि ‘मोनो’, ६४ केबीपीएस या मापाने फाइल साठवावी. बोलण्यास एवढे माप पुरते. दहा मिनिटांचा भाग सुमारे ५ एमबी भरतो. खेड्यातील मंद नेटवरही तो उतरवून घेता येतो.

फाइल एकदा व्हॉट्सॲपवर पाठविल्याने मालिका होत नाही. पॉडकास्ट ठेवणाऱ्या एखाद्या सेवेवर खाते उघडून भाग तेथे चढवावा. ती सेवा ‘फीड’ नावाची यादी तयार करते. तिचा पत्ता स्पॉटिफाय, ॲपल पॉडकास्ट इत्यादींस एकदा कळविला की पुढील भाग तेथे आपोआप दिसू लागतात. प्रत्येक भागास विषय सांगणारे नाव द्यावे आणि आरंभी महिना व हंगाम सांगावा. कारण जुना भाग वर्षाने ऐकणाराही कोणी असतो.

शेवटी एक परीक्षा अवश्य घ्यावी. ज्याने स्लाइड पाहिलेल्या नाहीत अशा शेजाऱ्यास भाग ऐकवावा आणि त्यातील प्रमाणे त्याच्याकडून वदवून घ्यावी. ती बरोबर आली तरच भाग प्रसिद्ध करावा. आमच्या त्या वृद्ध गृहस्थांनी दुरुस्त भाग ऐकून ‘साठास पस्तीस’ हे बिनचूक सांगितले, तेव्हाच लेखकाने तो पुढे पाठविला.