कर्करोग म्हणण्यापूर्वी

जठरातील अर्बुद म्हणून काढलेली गाठ ही जन्मजात पुटी निघाल्याचे वृत्त छापून आले की सर्वांचे लक्ष ‘कर्करोग नव्हता’ या सुखद निष्कर्षावर खिळते. परंतु जी पुटी बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच उलट्यांमुळे वा हाताला लागणाऱ्या गोळ्यामुळे उघडकीस यायची, ती प्रौढपणी तज्ज्ञांनाही चकवा कसा देते, हा प्रश्न अधिक विचारार्ह आहे.

अशी पुटी बहुधा जठराच्या पोकळीशी न जोडलेली, मोठ्या वक्रतेलगत, भिंतीच्या स्नायुथरात बंदिस्त असते, आणि ‘जिस्ट’ नावाचे अर्बुदही त्याच थरातून उद्भवते. दुर्बिणीतून पाहावे तर वर निरोगी अस्तर असलेला गुळगुळीत उंचवटा दिसतो, चिमट्याने तुकडा घ्यावा तर अस्तरच हाती येते, आणि आतला श्लेष्मा प्रथिनांनी दाट झाला असला म्हणजे सीटी स्कॅनमध्ये द्रवाची पिशवीही भरीव भासते. शिरेतून रंजकद्रव्य दिल्यावरही गाठीचा अंतर्भाग उजळला नाही, किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीत तिच्या भिंतीला आतड्यासारखे थर दिसले, तर संशयाची दिशा बदलावयास हवी.

खरा फैसला विकृतितज्ज्ञाच्या मेजावर होतो. गाठ चिरताच चिकट, गढूळ द्रव बाहेर येतो, आणि जांभळ्या-गुलाबी रंगात रंगविलेल्या पातळ छेदात कधी कधी श्वासनलिकेत शोभाव्यात अशा सूक्ष्म रोमयुक्त पेशींची रांग दिसते! जठरात श्वासमार्गाचे अस्तर कोठून आले, याचा उलगडा गर्भविज्ञान करते: श्वासनलिका आणि जठर या दोहोंचा उगम गर्भाच्या आद्य अन्नमार्गाच्या अग्रभागातूनच होतो, आणि सुमारे चौथ्या आठवड्यात सुरू होणाऱ्या विभागणीत विलग झालेला एखादा अंश भलत्याच जागी रुजून राहतो, असे मानतात. मनुष्याच्या घडणीतील इतक्या प्राचीन क्षणाचा दाखला पन्नाशीच्या देहात शाबूत सापडावा, याहून विस्मयकारक ते काय!

गाठ कर्करोगाची निघाली नाही म्हणून शस्त्रक्रिया व्यर्थ ठरते असे मुळीच नाही. अशा पुटीत रक्तस्राव वा जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि क्वचित कर्करोग उद्भवल्याच्याही नोंदी आहेत. तथापि केवळ गाठ काढावयाची की जठराचा मोठा भाग, हे निदानावर अवलंबून असते. आणि तितकेच महत्त्व रोग्याच्या मनःशांतीला आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या अहवालात अर्बुदाच्या संशयाबरोबर जन्मजात पुटीची शक्यताही स्पष्ट नोंदविली जावी आणि डॉक्टरांनी ती रोग्याच्या कुटुंबाला समजावून सांगावी, असा माझा आग्रह आहे.