शिक्षणाचे माध्यम कोणी ठरवावे?

महाराष्ट्राबाहेर मराठी शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांच्या बोलण्यात राज्यघटनेचा आधार वारंवार येतो. ‘कायदा आमच्या बाजूचा आहे’ असे आम्ही विश्वासाने म्हणतो आणि ते खोटेही नाही. परंतु कायद्याने आम्हांला नेमके काय दिले व काय दिले नाही, याचा उलगडा न्यायालयांचे निर्णय पाहिल्यावाचून होत नाही. त्यांपैकी दोन निर्णयांचा परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे.

प्रथम घटनेतील तरतुदी ध्यानात घेऊ. आपली भाषा जतन करण्याचा हक्क 29 व्या कलमाने दिला आहे. 30 व्या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा 350-अ हे कलम नव्याने घालण्यात आले. अल्पसंख्य भाषिक गटांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्यासाठी प्रत्येक राज्याने झटावे, असे ते सांगते.

पहिला निर्णय 1962 चा, अहमदाबादेतील एका मराठी विद्यार्थ्यासंबंधीचा आहे. हा विद्यार्थी 1960 मध्ये मराठी माध्यमातून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला होता. महाविद्यालयाचे पहिले वर्ष त्याने इंग्रजीतून पुरे केले. पुढील वर्गात इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत बसण्याची परवानगी मात्र त्याला विद्यापीठाच्या नियमांमुळे नाकारली गेली. गुजराती किंवा हिंदी हीच माध्यमे त्याच्यापुढे उरली. वडिलांनी गुजरातच्या उच्च न्यायालयात दाद मागितली व तेथे त्यांना यश आले. विद्यापीठ सर्वोच्च न्यायालयात गेले. 1949 च्या गुजरात विद्यापीठ कायद्यान्वये गुजराती वा हिंदी हेच एकमेव माध्यम लादण्याचा अधिकार विद्यापीठास नाही, असा निर्वाळा तेथे बहुमताने देण्यात आला. सहा न्यायमूर्तींपैकी एकट्या सुब्बाराव यांनी भिन्न मत नोंदविले. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. हा निर्णय विद्यार्थ्याच्या मूलभूत हक्कावर उभा नव्हता. विद्यापीठाचे अधिकार किती आणि केंद्र व राज्य यांच्यातील अधिकारांची वाटणी कशी, या प्रश्नांवर तो उभा होता.

हक्काचा प्रश्न सरळपणे पुढे आला तो कर्नाटकातून. 1994 च्या शासनादेशाने तेथे पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेतून अथवा कन्नडमधून देण्याचे बंधन घातले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांनाच त्या वर्गांत इंग्रजी माध्यमाची मुभा होती. खाजगी शाळांनी याविरुद्ध दाद मागितली. अखेर 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने निर्णय दिला. तो न्या. पटनाईक यांनी लिहिला.

या निर्णयातील तीन सूत्रे शिक्षकांनी मनात पक्की ठेवावीत. मुलाची मातृभाषा कोणती हे ठरविण्याचा अधिकार पालकाचा आहे, शासनाचा नव्हे, हे पहिले. प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडणे हा 19 व्या कलमातील भाषण व आविष्कार यांच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे आणि मुलाच्या वतीने तो पालकाने बजावावयाचा आहे, हे दुसरे. 350-अ या कलमाने राज्यावर सोय करण्याचे कर्तव्य टाकले. सक्ती करण्याचा अधिकार त्याला दिला नाही, हे तिसरे. मातृभाषेतून शिकणे मुलाच्या हिताचे आहे, असे शासनास वाटत असले तरी तेवढ्या कारणाने या स्वातंत्र्यावर बंधन घालता येत नाही. कारण अशा बंधनाची जी कारणे घटनेने मोजून दिली आहेत, त्यांत हे नाही.

बेळगावसारख्या भागातील मराठी पालकास या निर्णयाने मोठे संरक्षण दिले आहे. आपल्या मुलाची भाषा दुसरा कोणी ठरविणार नाही, ही त्याला मिळालेली हमी आहे. परंतु हीच हमी त्या पालकास मराठी शाळेकडे पाठ फिरविण्याचीही मोकळीक देते. त्याने इंग्रजी माध्यम निवडले, तर त्याला अडविण्याचा अधिकार शासनाला नाही. मग तो आम्हांला कोठून असणार? ज्या स्वातंत्र्याचा आधार आम्ही परभाषेच्या सक्तीविरुद्ध घेतो, तेच स्वातंत्र्य आमच्या शेजाऱ्याने आमच्या मनाविरुद्ध वापरले म्हणून त्यास दोष देणे न्याय्य नव्हे.

मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाविषयीची आमची श्रद्धा यामुळे ढळत नाही. मात्र तिचा पुरस्कार करण्याची जागा आता बदलली आहे. आज्ञेच्या जागी पटवून देणे आले आहे. पालकाला पटेल ते चौथीच्या मुलाचे स्वच्छ वाचन, त्याचे नेमके लेखन, त्याचे पक्के गणित आणि त्याला नीट शिकविलेले इंग्रजी. जेथे मराठी शाळेत हे चारही दिसतील, तेथे पालकांची निवड मराठीला अनुकूल होण्याची आशा आहे. जेथे दिसणार नाहीत, तेथे 30 वे कलम शाळेचे दार उघडे ठेवील. त्या दारातून मुले आत आणण्याचे काम त्या कलमाकडून होणार नाही. ते शिक्षकांचे काम आहे आणि अकादमीचेही.