थूणची विहीर आणि महाडचे तळे

उदान ग्रंथातील उदपानसुत्तात एक उद्बोधक प्रसंग आहे. भगवान बुद्ध भिक्खुसंघासह मल्लांच्या प्रदेशातील थूण या ब्राह्मणग्रामी आले असता, मुंडित श्रमणांना पाणी मिळू नये म्हणून ग्रामस्थांनी विहीर गवत व भुशाने काठोकाठ भरून टाकली.

महाडला हीच वृत्ती नगरपालिकेच्या दप्तरात शिरली. १९२३ च्या बोले ठरावास अनुसरून १९२४ साली नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. २० मार्च १९२७ रोजी पूज्य बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन करताच तळे 'बाटले'. पंचगव्यमिश्रित १०८ घागरींनी त्याची 'शुद्धी' झाली आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. परधर्मीयांना मात्र तेथे कधीच मज्जाव नव्हता. यावरून बंदीमागे आरोग्य नव्हे, विटाळाची धर्मकल्पना होती, हे सिद्ध होते.

थूणची विहीर आपोआप निर्मळ झाली, असे सुत्तकार सांगतो. चवदार तळ्यासाठी मात्र १७ मार्च १९३७ च्या उच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत झगडावे लागले. अनादी वहिवाटीचा दावा तेथे टिकला नाही.

बौद्ध विचारात कर्माचे मूल्य चेतनेवरून ठरते. सार्वजनिक स्थळाच्या बंदीचा ठरावही त्याच कसोटीवर तपासला पाहिजे.